भीमाशंकर की ताम्हिणी? पुण्यातून जंगलवाटेला निघण्याआधी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन चांगल्या सरी पडून गेल्या की आमच्या नात्यागोत्यात एकच प्रश्न फिरायला लागतो : "यंदा कुठं? भीमाशंकर की ताम्हिणी?" या वर्षी तो भाचीनं विचारला. तिच्या घरात साठीच्या पुढचे सासू-सासरे आणि सात वर्षांचा लेक, शिवाय नवऱ्याचे चार मित्र. मित्रांना दमवणारी वाट हवी, सासूबाईंना देवदर्शन, लेकाला फक्त धबधबा. एका रविवारात हे सगळं बसवायचं होतं. फोनवर पंधरा मिनिटं बोललो तरी बोलणं संपेना. ही दोन नावं एका दमात घ्यायची आपल्याला सवय आहे, पण जंगलं अगदी वेगळी आहेत. निवड चुकली तर दिवस चाकणच्या नाहीतर पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये जातो, आणि पावसात कधी कधी जिवावरही बेततं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. गेली वीसेक वर्षं मी दोन्हीकडे जातोय, जास्त करून पावसात, थोडं हिवाळ्यात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जंगल बघायचं असेल तर भीमाशंकर, पाणी बघायचं असेल तर ताम्हिणी. आणि दोन्हीकडे जुलै-ऑगस्टच्या रविवारी जाऊ नका. सप्टेंबरमधला आठवड्यातला मधला वार काढा, एक रजा टाका. आता कारणं.

पाणी कुठं जातं

भीमाशंकर अभयारण्य १९८५ सालचं. सुमारे १३१ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेलं. आपल्या बाजूनं आंबेगाव आणि खेड तालुके, खाली कोकणात कर्जत आणि मुरबाड. ताम्हिणी त्या मानानं नवं, २०१३ सालचं, आणि आकारानंही लहान, ५० चौरस किलोमीटरच्या आतच. त्यात पुणे–माणगाव रस्ता या जंगलाला चिकटूनच घाट उतरतो. त्यामुळे शंभरातले बहुतेक लोक "ताम्हिणीला जाऊन आलो" म्हणतात तेव्हा ते घाटरस्त्यावर गाडी लावून, कणीस खाऊन, कड्यावरून रस्त्यालगत पडणाऱ्या पाण्याखाली फोटो काढून परत आलेले असतात. अभयारण्यात त्यांचं पाऊलही पडलेलं नसतं. भीमाशंकरला असं होत नाही. तिथं मंदिर गाठेपर्यंतच तुम्ही जंगलात शिरलेले असता.

दुसरा फरक मला फार आवडतो. भीमाशंकरला जे पाणी पायाखालून वाहतं ते पूर्वेकडे जातं. गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर एक ओहोळ लागतो, उन्हाळ्याच्या तोंडी तर एका टांगेत ओलांडाल. तीच भीमा. पुढं ती चासकमानच्या धरणात साठते, मग उजनीत, पंढरपुराला चंद्रभागा होते आणि कर्नाटकात कृष्णेला मिळते. आषाढात वारकरी ज्या पाण्यात उभे राहतात, त्याचा एक धागा इथून निघालेला असतो. सासूबाईंना हे तिथं उभं राहून सांगितलंत तर वेगळं दर्शन घडवायची गरज उरणार नाही.

ताम्हिणीचं पाणी मात्र कडा सोडतं आणि थेट कोकणात कोसळतं, कुंडलिकेतून रेवदंड्याला समुद्रात. कडा उंच, समुद्र जवळ, उतार जबरदस्त. म्हणून तिथले धबधबे मोठे आणि म्हणूनच तिथलं पाणी जास्त धोक्याचं. या उताराचा उपयोग माणसानं फार पूर्वी ओळखला. मुळा नदी पूर्वेकडे, आपल्या पुण्याकडे वाहणारी. तिला मुळशीला अडवून टाटांनी ते पाणी कड्याखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. त्या धरणात ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झालं, गावं बुडाली. पौडवरून पुढं गेल्यावर जो विस्तीर्ण जलाशय दिसतो आणि जिथं सगळे सेल्फीला उतरतात, त्याच्या तळाशी ती गावं आहेत. मी तिथं थांबतो तेव्हा बरोबरच्या पोरांना एवढं तरी सांगतोच.

चालायला काय मिळतं : भीमाशंकर

मंदिराच्या मागच्या बाजूनं गुप्त भीमाशंकरला जाणारी वाट ही माझ्या मते पुणे जिल्ह्यातली सगळ्यात चांगली "पहिली जंगलवाट" आहे. दोनेक किलोमीटर, चढउतार बेताचा, वर झाडांचं छत इतकं दाट की पाऊस थांबल्यावरही पंधरा-वीस मिनिटं पानांवरून थेंब पडत राहतात. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा. बुंध्यांवर हातभर शेवाळ आणि त्यात रुजलेली नेची. सात वर्षांचं मूल इथं सहज चालतं. सत्तरीची माणसं काठी घेऊन, हळूहळू चालतात. दगड निसरडे असतात, तेवढं जपायचं.

आणि शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार. आपला हा राज्यप्राणी मुख्यतः याच्याचसाठी राखलेल्या जंगलात पाहणं वेगळं. लोक मान वर करून शोधत राहतात आणि काही दिसत नाही म्हणून निघून जातात. शेकरू आधी ऐकायचं असतं, मग बघायचं. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी आठच्या सुमारास याच वाटेवर माझ्या खांद्यावर काहीतरी टपकलं. थेंब असेल म्हणून पुसायला गेलो तर फळाच्या सालीचा ओला तुकडा. मग दुसरा, तिसरा. वाटेवर बघितलं तर कुरतडलेल्या सालींचा छोटासा सडा पडलेला. मग वर पाहिलं. फांदीवर मागच्या पायांनी पकड घेऊन ते उलटं लोंबकळत होतं, पुढच्या दोन पंजांत फळ धरून फिरवत होतं, आणि विटकरी रंगाची ती लांब शेपटी वजनाच्या काट्यासारखी पलीकडे लोंबत होती. आम्ही तिघं होतो, कुणी बोललं नाही. पाच-सात मिनिटं खाणं झालं, मग त्यानं अंग आक्रसलं आणि समोरच्या झाडावर झेप घेतली. मधलं अंतर सहज तीन माणसं आडवी झोपतील एवढं असेल.

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. त्याचा रस्ता म्हणजे फांदीला लागलेली फांदी. मध्ये रुंद रस्ता आला, झाडं तुटली, की त्याच्यासाठी गावच तोडल्यासारखं होतं. ते बारीक फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांची गोल घरटी बांधतं, एकटंच चार-पाच तरी बांधतं. ती मात्र तुम्हाला नक्की दिसतील. मुलाला घरटी मोजायला सांगा. त्या कामात तो गप्पही राहील आणि मान वरही ठेवील.

नागफणीला जायचा मोह होतो. कड्याचं टोक, खाली कोकण. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथून पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही, वारा अंगावर येतो, आणि लहान मूल बरोबर असेल तर तिथं जायचं काही कारण नाही. ऑक्टोबर ते जानेवारीत जरूर जा. हनुमान तळ्याची वाट त्याहून शांत आणि सोपी.

धबधब्यांच्या बाबतीत भीमाशंकर तुमची थोडी निराशा करील, हे आधीच सांगतो. मोठा म्हणावा असा कोंढवळचा. पण पावसाळ्यात वन विभाग या अभयारण्यातले धबधबे आणि काही वाटा पर्यटकांसाठी बंद करतो आणि त्यात कोंढवळ असतो. खांडसहून वर येणारा शिडी घाटही त्याच यादीत असतो, आणि तो असायलाच हवा. ओल्या कातळावर शिडी, बाजूला दरी, मागून ढकलणारी गर्दी. मी तो घाट कोरड्या दिवसात चढलोय, पावसात चढणार नाही. त्याच खांडसहून निघणारा गणेश घाट लांबचा पण सोपा. तोही खुला आहे की नाही हे निघण्याआधी विचारून घ्या.

मग पाणी कुठं बघायचं? रस्त्यात, झाडांच्या मुळांमधून, कातळाच्या प्रत्येक भेगेतून. मोठा पडदा नाही, पण शंभर बारीक ओहोळ. लेकाला पाय बुडवायला एवढं पुरतं.

आहुपे, ज्याच्याकडे कुणी वळत नाही

इथं थोडा जास्त वेळ घेतो, कारण माझं मन या बाजूला आहे. मंदिराच्या गर्दीपासून लांब, घोडेगाव-डिंभ्यावरून जलाशयाच्या कडेनं आत शिरलं की शेवटी आहुपे लागतं, कड्यावरचं गाव. याच रस्त्यावर माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. त्या रस्त्यानं जाताना गाडीतलं गाणं बंद करावं, असं मला वाटतं. आणि सलग तीन-चार दिवस झड लागली असेल तर त्या बाजूला जाऊच नये.

आहुप्याला देवराई आहे. देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथला जुना नियम असा, की हिरवी फांदी तोडायची नाहीच, पण पडलेलं वाळकं लाकूडही उचलायचं नाही. या दुसऱ्या नियमाचं मोल मला फार उशिरा कळलं. लाकूड तिथंच पडतं, तिथंच कुजतं, आणि त्या कुजलेल्या ओल्या लाकडावर भर पावसात अशी बुरशी धरते, जी अंधारात हिरवट उजळते. भीमाशंकरच्या पट्ट्यातलं "चमकणारं जंगल" म्हणून जे सांगतात ते हेच. सरपणासाठी लाकूड उचललं असतं तर ती बुरशीच राहिली नसती. मात्र हे पाहायला रात्री परवानगीशिवाय अभयारण्यात घुसणारे गट वाढलेत. रात्री आत जायला वन विभागाची परवानगी लागते, आणि मुळात टॉर्च मारत, लाकडं उलटीपालटी करत पन्नास माणसं फिरली तर काही उरणार नाही. गावात मुक्काम करा, परवानगी घ्या, गावातला माणूस बरोबर घ्या. नाही जमलं तर सोडून द्या.

गावं महादेव कोळ्यांची. पावसाळ्यात भातलावणी, उन्हाळ्यात हिरडा. बाळहिरडा गोळा करून वाळवून विकणं हा इथल्या घरांचा मोठा आधार आहे. वाटेत झाडाखाली झाडून साफ केलेली जागा दिसली तर ती उगाच तुडवू नका. जेवायला आधी फोन करून सांगितलं तर भाकरी, भात, कालवण मिळतं, आणि पैसे गावातच राहतात.

चालायला काय मिळतं : ताम्हिणी

इथं मुख्य आकर्षण अंधारबन. मुळशी सोडून निव्याच्या पुढं लोणावळ्याच्या दिशेनं वळलं की पिंप्रीचा तलाव येतो, तिथून वाट सुरू होते आणि खाली भिऱ्याला उतरते. सगळी मिळून तेरा-चौदा किलोमीटर. पहिला टप्पा कुंडलिकेच्या दरीच्या काठानं, दाट झाडीतून. नावाप्रमाणे भर दुपारीही आत उजेड कमी. मध्ये ओढे आडवे येतात. पुढं हिर्डी गाव, मोकळं पठार, आणि तिथून भिऱ्यापर्यंत गुडघ्यांची परीक्षा घेणारी उतरण.

सौंदर्यात तुलना केली तर सप्टेंबरातल्या अंधारबनाला आपल्याकडे जोड नाही. पलीकडच्या कड्यावरून एकाच नजरेत आठ-दहा धारा दिसतात, दरीतून ढग वर येतो आणि दोन मिनिटांत सगळं पुसून टाकतो, पुन्हा उघडतं. झाडीतून शीळकरी कस्तूर असा काही गातो, की पहिल्यांदा ऐकणारा "कोण शिट्टी वाजवतंय?" म्हणून मागं वळतो. नशीब असेल तर धनेश पंख फडकावत दरी ओलांडताना दिसतो, पंखांचा आवाज आधी येतो.

पण अंधारबन ही सहल नव्हे. त्याचं कारण ओढे.

काही वर्षांपूर्वी जुलैच्या एका रविवारी मी एका ट्रेक आयोजकांच्या गटाबरोबर गेलो होतो. दोन बस, साठाच्या वर माणसं, आणि पुढं-मागं मिळून तीन-चार विशीतली पोरं "लीडर" म्हणून. वाट सुरू करायलाच साडेअकरा वाजले. दुसऱ्या का तिसऱ्या ओढ्यापाशी पोचलो तेव्हा पाणी गुडघ्याच्या खाली होतं, तळाचे दगड दिसत होते. अर्धा गट पलीकडे गेला. वरच्या अंगाला कुठंतरी जोरात कोसळत होतं, आमच्यावर नुसती भुरभुर. मग पाण्यात पाचोळा यायला लागला. पाच मिनिटांत त्याचा रंग चहासारखा झाला. आणि मग एक आवाज सुरू झाला, पाण्याच्या आवाजाखालचा, ठक् ठक् असा. तळातले दगड एकमेकांवर आपटत सरकत होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हिर्डीकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "आता जायाचं न्हाई. दगूड बोलाया लागला."

पलीकडे तीस माणसं, अलीकडे तीस. लीडर पोरगा दोर टाकून पुढं न्यायच्या तयारीत होता, कारण बस खाली भिऱ्याला उभ्या होत्या. बाबांनी त्याला अडवलं. आम्ही जवळजवळ दोन तास भिजत उभे राहिलो. एका मुलीचे ओठ निळे पडले होते, तिला मधे घेऊन सगळे चिकटून उभे राहिलो. पाणी उतरल्यावर त्या बाबांनी स्वतः काठीनं तळ चाचपत एकेकाला पार नेलं. भिऱ्याला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. नंतर मी आयोजकांना सगळं लिहून कळवलं, उत्तर आलं ते पुढच्या ट्रेकच्या सवलतीचं. तेव्हापासून मी मोठ्या गटाबरोबर जात नाही, आणि कुणालाही जाऊ देत नाही.

सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही. वर पडलेला पाऊस तासाभरात तुमच्या ओढ्यात उतरतो. आणि ताम्हिणीचा पाऊस म्हणजे किती? २५ जुलै २०२४ ला सकाळपर्यंतच्या २४ तासांत इथं ५५६ मिलिमीटर पडला. तोच दिवस, ज्या दिवशी सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं. पुणे शहरात आकाश कसं आहे यावर घाटातला अंदाज बांधू नका. हवामान खात्याचा इशारा "पुणे घाटमाथा" म्हणून वेगळा येतो, तो बघा. केशरी किंवा लाल असेल तर घरी थांबा.

प्लस व्हॅलीबद्दल एवढंच सांगतो. डोंगरवाडीजवळून खाली उतरणारी ती घळ रीळमध्ये सुंदर दिसते. उतरण खडी, दगड शेवाळलेले, कुंडं खोल, आणि ओढ्याचं पाणी वाढलं तर बाहेर पडायला बाजूच नाही. पावसाळ्यात मी कुणालाच सुचवत नाही. देवकुंडाचंही तेच. भिऱ्याजवळचं ते निळं कुंड डिसेंबरात बघावं, पावसात बहुतेक वेळा प्रशासनाची बंदीच असते आणि वाटेतले ओढे अंधारबनाइतकेच दगाबाज.

ताम्हिणीत घरच्या मंडळींसाठी काहीच नाही का? आहे. ताम्हिणी गावातलं विंझाई देवीचं मंदिर आणि भोवतालची झाडी. अर्धा तास शांत बसावं अशी जागा. गर्दी घाटात पुढं निघून जाते, इथं क्वचित कुणी थांबतं.

जाणं-येणं

अंतरावर जाऊ नका. पुण्यापासून ताम्हिणी गाव साठेक किलोमीटर, भीमाशंकर शंभर-एकशेदहा. पण रविवारी सकाळी नऊला निघालात तर भूगाव-पिरंगुटमध्येच तास जातो, आणि घाटात दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमुळे परतीला आणखी. साडेपाचला चांदणी चौक ओलांडला असेल तर सातला मुळशीच्या काठावर चहा घेता. भीमाशंकरचं गणित चाकणवर अवलंबून. पहाटे गेलात तर तीन तास, उशिरा निघालात तर पाचही.

गाडी नसेल तर भीमाशंकर सरळ. शिवाजीनगरहून, म्हणजे सध्याच्या वाकडेवाडीच्या स्थानकातून, थेट एसटी आहे. शेवटची परतीची गाडी किती वाजता हे उतरल्याबरोबर तिथंच विचारून ठेवा. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला खासगी गाड्या अलीकडेच थांबवतात आणि पुढं एसटीनं नेतात. जंगलासाठी येणाऱ्यानं हे दोन मुहूर्त टाळावेत.

अंधारबनाची अडचण वेगळी. सुरुवात वर पिंप्रीला, शेवट खाली भिऱ्याला. स्वतःची गाडी वर ठेवलीत तर परत कशी आणणार? कुणीतरी ड्रायव्हर घाट उतरून विळे-पाटणूसमार्गे भिऱ्याला गाडी आणून ठेवायला हवा. नाहीतर हिर्डीपर्यंत चालून त्याच वाटेनं मागं फिरायचं. मला हा दुसरा पर्याय अधिक पसंत आहे. उतरण वाचते, सगळ्यात सुंदर टप्पा दोनदा मिळतो, आणि हवा बिघडली तर कुठूनही मागं वळता येतं.

परवानगी आणि बंदी

दोन्ही अभयारण्यं आहेत, त्यामुळे नाक्यावर नोंद आणि प्रवेशशुल्क हे धरूनच चला. पावसाळ्यात वाट बंद असू शकते, चालू आठवड्यात उघडी असलेली पुढच्या आठवड्यात बंदही होऊ शकते. निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या माणसाला किंवा वन विभागाला फोन करा, सहा महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबू नका. याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश असतात. २०२४ च्या पावसाळ्यात भुशी डॅमजवळ एका कुटुंबातली माणसं वाहून गेली, त्यानंतर पुणे जिल्ह्यात धबधब्याखाली बसणं, खोल पाण्यात उतरणं, कड्याच्या टोकाला फोटो काढणं यावर मनाई लागू केली. बंदी आली की लोक चिडतात. त्या ओढ्यापाशी दोन तास उभा राहिल्यापासून मला चिडता येत नाही. मला वाईट एवढंच वाटतं, की साठ-साठ माणसं नेणारे गट आणि चार जण मुकाट्यानं चालणारे यांना एकच नियम लागतो.

वाटाड्या घ्याच, अंधारबनाला तर नक्की. पायात रबरी, खोल खाचांच्या तळव्याचे बूट, जीन्स नको, कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. छत्री वाऱ्यात कुचकामी, रेनकोट बरा. वाटेवर जांभळट-केशरी खेकडे आडवे जाताना दिसतील, हिरवा हरणटोळ साप फांदीसारखा ताठ बसलेला असेल, हात टेकण्याआधी बघा. स्पीकर नेऊ नका. शेकरू सोडाच, साधा कस्तूरही त्यापुढं गात नाही.

पावसापुरतं थांबता येत असेल तर

ज्यांना ऑक्टोबरपर्यंत धीर आहे त्यांनी कोयनेचं नाव मनात ठेवावं. सातारा, कास, बामणोली, तिथून लाँचनं शिवसागर जलाशय ओलांडून वासोटा किल्ला. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं रान, भीमाशंकरहूनही मोठं आणि गप्प. पावसाळ्यात ते बंद असतं आणि पुण्यातून एका दिवसात करायला दमछाक होते, मुक्काम धरूनच जा.

भाचीला शेवटी काय सांगितलं

एकाच रविवारात सगळे नकोत. घरच्यांना घेऊन भीमाशंकर, सप्टेंबरमधल्या बुधवारी, श्रावण उलटल्यावर. पहाटे पाचला निघायचं. सासूबाईंचं दर्शन आधी, आठच्या आत, वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी वाहिलेली पोर्तुगीज घंटा लेकाला दाखवायची, आणि लगेच गुप्त भीमाशंकरची वाट धरायची. अकरानंतर वाटेवर आवाज वाढतो. जेवण घोडेगावच्या अलीकडे.

नवऱ्याचे चार मित्र वेगळ्या दिवशी, सप्टेंबरच्या शेवटी, पिंप्री ते हिर्डी आणि परत. पाच जण, एक वाटाड्या, साडेसातला चालायला सुरुवात, आणि ओढ्यात पाचोळा दिसला तर जिथं असतील तिथून मागं. नवऱ्याला हे पटलं, मित्रांपैकी एकाला अजून प्लस व्हॅलीच हवी आहे. त्याच्याशी मी स्वतः बोलणार आहे.

माझी जुनी दुर्बीण लेकासाठी काढून ठेवली आहे. पट्टा तुटला होता, तो काल लक्ष्मी रस्त्यावर शिवून आणला.